देवाला सोडलेली शेळी

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला पडलेला प्रश्न निराळा होता. देव आहे, पण कुणाच्या बाजूचा? आणि त्या वर्षी मला त्याचं उत्तर मिळालं होतं. देव पंचांच्या बाजूचा. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, ज्याच्या हातात देवळाची किल्ली, त्याच्या बाजूचा. हे मी मनात नव्हतो ठेवत, तोंडावर बोलायचो. बारामतीच्या कॉलेजात शिकत होतो, तिथल्या एका छापखान्यात सकाळी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो आणि संध्याकाळी आमच्या संघटनेची पत्रकं वाटायचो. पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याला जाब विचारायची. ती सवय मला आजही आहे, त्यामुळे या लिखाणात कुठं आवाज चढला तर भाविक वाचकांनी तो ऐकून घ्यावा. पण मी सांगणार आहे ते भांडण नाही. मी सांगणार आहे ते देवाने मला कसं हसवलं, त्याबद्दल.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, भिगवणपासून आत, उजनीचं पाणी दिसतं पण पोचत नाही अशा माळावर. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी सगळ्यांची मेंढरं होती. आता थोडी शेती, थोडा ऊस, कुणी कारखान्यावर, कुणी ड्रायव्हर. मेंढरं गेली, पण बिरोबा राहिला, आणि बिरोबाचा भंडारा राहिला. भंडारा म्हणजे देवाची हळद. लहानपणी जत्रेत ती इतकी उधळली जायची की दोन दिवस नाकातनं पिवळं यायचं. मी ढोलापुढे नाचायचो, वडिलांच्या खांद्यावरून देवळाचा कळस बघायचो, आणि वाटायचं, एवढा पिवळाधमक आनंद दुसरीकडे कुठं नसेल.

त्याच देवळात आमच्या घराला वाळीत टाकलं.

कारण एवढंच, की माझी थोरली बहीण शालन सासरहून परत आली होती. पाठीवर वळ घेऊन आली होती. ते वळ कशाचे हे मी इथं लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. पंच म्हणाले, पोरीनं नांदायला जावं. तात्या म्हणाले, जाणार नाही. माझे वडील तात्या आयुष्यात कुणापुढे मोठ्यानं बोलले नव्हते, ते तेव्हा पहिल्यांदा बोलले. आणि मी बारामतीत बसून पत्रक छापलं: 'पंचांनो, तुमच्या लेकीच्या पाठीवर वळ असते तर?' एवढा एकच मथळा. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण ज्याला लागायचं त्याला लागलं.

मग अमावास्येला सगळी वस्ती देवळात बसली. थोरले पंच, ज्यांना लहानथोर सगळे आबा म्हणायचे, त्यांनी पाटावर बेल आणि भंडारा मांडला. आमच्यात बेल-भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडत नसतात. कोर्टात खोटं बोलतील, पण बेल-भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. एकेका घरच्या माणसानं त्यावर हात ठेवला आणि म्हटलं, या घराशी बोलणार नाही, या घराला पाणी देणार नाही, विस्तव देणार नाही. माझ्याबरोबर शाळेत एका बाकावर बसलेला म्हादबा, आता आमच्या ढोलपथकाचा म्होरक्या, त्यानंही हात ठेवला. शेजारच्या धुरपाआजीनंही ठेवला. मला तिनं जन्मल्यावर पहिली आंघोळ घातली होती.

वाळीत पडणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर आलं नाही त्याला कसं सांगू? कुणी मारत नाही सुरुवातीला. फक्त तुम्ही नसता. शालन टाकीवर गेली की बाया हंडे अर्धे भरलेले उचलून निघून जायच्या. गिरणीवाला आमचं दळण बघून पट्टा उतरवायचा. दूध गोळा करणारा गडी आमचा कॅन पायानं बाजूला सरकवायचा. तात्यांनी दाढी करायला भिगवणला जायचं, दळण भिगवणला, मीठमिरची भिगवणला. मग कडब्याची गंजी पेटली, भर दुपारी, आणि अख्खी वस्ती आपापल्या दारात उभी राहून ती जळताना बघत राहिली. मग आमचा राजा कुत्रा दारात तोंडाला फेस येऊन पडला. तात्यांना ताप भरला तेव्हा शालननं एकटीनं बैल जुंपून त्यांना भिगवणच्या डॉक्टरकडे नेलं. मी त्या शनिवारी घरी आलो, देव्हाऱ्यातला बिरोबाचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरची त्याची मूर्ती, उचलला, फडक्यात गुंडाळला आणि फडताळात उपडा ठेवला. म्हटलं, तूही त्यांच्यातलाच. तूही आमच्याशी बोलू नकोस, आम्हीही बोलत नाही.

तात्यांनी तो काढून परत जागेवर ठेवला. 

या सगळ्यात एक गोष्ट मला तेव्हा निव्वळ वेडेपणा वाटायची. धुरपाआजीची एक शेळी होती, पांढरी, एक कान काळा. आजी सकाळ-संध्याकाळ तिला घेऊन आमच्या दारावरून जायची आणि नेमकी आमच्या अंगणापुढे आली की शेळीशी मोठ्यांदा बोलायची. "शेळे, आज पानंदीच्या वाटंनं जाऊ नगंस गं, तितं टवाळ पोरं बसल्याती." किंवा, "काय गं शेळे, तात्याचा ताप उतारला का न्हाय, तुला काय ठावं? उतारला असंल तर मान हलव." शालन दारात उभी राहून मान हलवायची. आजी शेळीच्या पाठीवर थाप मारायची, "शानी हाय माजी शेळी," आणि पुढे जायची. मला राग यायचा. एकदा मी ओरडलो, "बोलायचं तर माणसाशी बोल की आजी! शेळीला काय सांगतीस?" आजीनं माझ्याकडं बघितलंही नाही. शेळीला म्हणाली, "शिकल्याली पोरं लई वरडत्यात गं."

जत्रा आली चैत्रात. मी ठरवलं होतं, भर जत्रेत, देवळाच्या पायरीवर उभं राहून पत्रकं वाटायची. तात्या म्हणाले, नको. शालन म्हणाली, नको, माझ्यापायी नको. मी ऐकलं असतं तर हा अनुभव लिहायला काही उरलं नसतं. दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून माळावरच्या आडवाटेनं देवळाकडं निघालो. तिथं मला गाठलं. शालनच्या सासरची तीन-चार माणसं, आणि त्यांच्यासोबत आमच्याच वस्तीतले दोघं. काठ्या होत्या. त्यांनी काय काय केलं ते पोलिसांच्या कागदात आहे, इथं नको. एवढंच सांगतो की माझीच पत्रकं चुरगाळून माझ्या तोंडात कोंबली, म्हणाले, खा आता, आणि माळावरच्या जुन्या पडक्या विहिरीत मला ढकलून दिलं. ती विहीर कैक वर्षं कोरडी होती. तळाला गाळ, पालापाचोळा. त्या गाळानं जीव वाचवला, पण उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला आणि शुद्ध हरपली.

शुद्धीवर आलो तेव्हा वर आभाळाचा एक वाटोळा तुकडा होता आणि ढोल वाजत होते. जत्रा रंगात आली होती. मी ओरडलो. सांगायला आज हसू येतं, पण मी पहिल्यांदा घोषणा दिल्या. सवयच ती. मग शिव्या दिल्या. मग नुसतं "कुणी आहे का" म्हणत राहिलो. एवढ्या ढोलांच्या आवाजात कोण ऐकणार? घसा कोरडा पडला, जीभ टाळ्याला चिकटली. आणि मग मी त्याच्याशी बोललो, ज्याच्याशी अबोला धरला होता. प्रार्थना वगैरे नाही. भांडलो. म्हटलं, ऐकतोस ना तुझे ढोल? मी लहानपणी ह्याच ढोलांपुढं नाचलोय. तुझ्या हळदीवर हात ठेवून त्यांनी माझ्या बहिणीचं पाणी तोडलं, तू गप्प बसलास. आता मी इथं मरतोय, तर निदान तुझ्या तोंडानं एकदा सांग, की तू त्यांचाच आहेस. मग मी मोकळा. एवढं बोलून मी रडलो. खूप दिवसांनी रडलो. आणि रडता रडता असं वाटलं की आता आपल्याकडं विचारायला एकही प्रश्न शिल्लक नाही. इतका रिकामा मी कधीच झालो नव्हतो.

तेवढ्यात त्या वाटोळ्या आभाळाच्या कडेला दोन शिंगं दिसली. आणि एक पांढरा, एक काळा कान.

ती शेळी तिथं का आली, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या विहिरीच्या काठाला खायला एक काडी नव्हती. आजी नंतर म्हणाली, ढोलाला बुजून खुंटीसकट लांब दावं ओढत पळाली आणि नेमकी तिथं येऊन उभी राहिली, हाकलली तरी हलेना. मी याच्यावर वाद घालत नाही. शेळी आली. शेळीच्या मागं आजी आली. तिनं वाकून बघितलं आणि तिच्या तोंडाला पदर गेला.  मी तहानेनं व्याकुळ झालेलो, तरी मला कळलं की ती काय विचार करतेय. तिनं भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. बोलणार नाही, पाणी देणार नाही.

मग ती बोलली. मोठ्यांदा, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं. "अगं बाई! शेळे! तू कशी गं पडलीस हिरीत?"

मला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. "आजी, मी आहे!" मी ओरडलो. "मी! तात्यांचा मुलगा!"

"शेळी मानसावानी बोलाया लागली," आजी तिच्या खऱ्या शेळीला सांगू लागली. "ही भुताची शेळी असंल बाई. असली शेळी कोन वर काढंल? मी न्हाय बा हात लावायची."

"मी माणूस आहे!" मी पुन्हा ओरडलो. आणि तेव्हासुद्धा माझा पत्रकाचा सूर सुटला नव्हता. "मला माणूस म्हणून वर काढा! शेळी म्हणून मी येणार नाही!"

आजी काठावर मांडी घालून बसली. शेळीच्या गळ्याखाली खाजवत म्हणाली, "शेळे, त्या खालच्या शेळीला समजावून सांग गं. मला देवाच्या हळदीची आन हाय. मी मानसाशी बोलायची न्हाय, मानसाला पानी द्यायची न्हाय. पन शेळीचं कुनी नाव काढलं न्हवतं. आबानं सगळं सांगितलं, शेळीचं सांगायचं इसारला. आता ती वरडली तर मी पानी सोडीन. न्हाय वरडली तर माजा इलाज न्हाय." आणि तिचा आवाज एकदम फुटला. "वरड की गं माजे आई. वरड. आजीसाठी वरड."

मी तुम्हाला काय सांगू? मार खाताना मी मान खाली घातली नव्हती. पण त्या आवाजापुढं माझ्यात काहीतरी सुटलं. मी डोळे मिटले आणि ओरडलो. "बॅंऽऽऽ!"

वरची शेळी चमकली आणि तिनं उत्तर दिलं. आजी हसायला लागली. रडत होती आणि हसत होती, आणि खाली वाकड्या पायानं गाळात पडलेला मीही हसायला लागलो. बरगड्या दुखत होत्या, तरी हसत होतो. तिनं देवाला नेण्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता, त्याला शेळीचं दावं बांधलं आणि खाली सोडला. त्या पाण्यात हळद होती. मी ते प्यालो. त्याहून गोड पाणी मी आजवर प्यालेलो नाही.

"बोकड तरी म्हण की आजी," मी खालून म्हणालो. अंगात जरा जीव आला होता.

"शेळे," ती तिच्या शेळीला म्हणाली, "त्या खुळीला सांग, जत्रंत बोकड म्हनलं का कापत्यात."

आणि ती देवळाकडं धावली. सत्तरी ओलांडलेली बाई, चैत्राच्या उन्हात. थोड्या वेळानं ढोल थांबले आणि तिचा आवाज आला, "माजी शेळी हिरीत पडलीया! धावा रं!" शेळी म्हणजे आमच्याकडं घरातलं माणूस. ढोलवाले ढोल टाकून निघाले. काठावर पहिलं तोंड दिसलं ते म्हादबाचं. सगळं अंग पिवळं, डोक्याला फेटा. पण त्यानं खाली नाही बघितलं. त्याचं लक्ष काठावर उभ्या शेळीकडं होतं.

"आजे, तुजी शेळी तर ही हितं हुबी हाय."

"ती येगळी. ही दुसरी."

"तुला एकच हाय की."

"आज घेतली जत्रंत. तुला इचारून घ्यायची व्हती का? बघ की खाली!"

म्हादबानं खाली बघितलं. मी वर बघितलं. शाळेत एकाच पाटीवर आम्ही दोघांनी गिरवलेलं. त्या हळदीनं माखलेल्या चेहऱ्यावरून पाण्याच्या दोन रेषा उतरताना मला दिसल्या, इतक्या खोलातून दिसल्या. त्यानं नाक ओढलं, मागे वळून पथकाला म्हणाला, "व्हय रं. शेळीच हाय. लई मोठी हाय. नाडा आना."

जुन्या मोटेचा नाडा, जाड दोर, आणला. म्हादबा स्वतः उतरला. माझ्यापाशी येऊन गुडघ्यावर बसला, पायाकडं बघितलं, आणि कापऱ्या आवाजात म्हणाला, "शेळे, पाय मोडला गं तुजा." मी म्हणालो, "बॅं." त्यानं मला घट्ट मिठी मारली. शपथेत मिठीचंही नाव नव्हतं. त्याच्या फेट्यानं पाय बांधला, नाडा काखेतनं घातला. वरून पोरं ओढत होती आणि ओरडत होती. "आजे, काय खायाला घातलं हिला? लई वजनाची हाय!" "ऊस खाल्ला असंल मळ्यातला!" "शेळे, शिंग आपटंल, डोकं खाली घाल!" ज्यांनी वर्षभर मला बघून तोंड फिरवलं होतं ते सगळे माझ्याशी बोलत होते. पोटात साठलेलं सगळं एकाच दमात बोलत होते. एकजण तर म्हणाला, "शेळे, तुज्या बापाला सांग, गंजी पेटली तवा मी दारात हुबा व्हतो, मला झोप लागत न्हाय गं." वर आलो तेव्हा ते सगळे हसतही होते आणि डोळे पुसतही होते.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात नवस फेडायला एखादं जनावर देवाला सोडतात. कापत नाहीत, सोडतात. त्याच्या गळ्यातलं दावं काढायचं, कपाळाला भंडारा लावायचा आणि मोकळं करायचं. मग ते कुणाचंच नसतं, देवाचं असतं. त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, दारातून हाकलायचं नाही. त्यानं कुणाच्याही दारात तोंड घालावं, तिथं त्याला घास मिळतो. लहानपणी मी असल्या एका शेळीला दगड मारला होता, तर तात्यांनी मला पहिली आणि शेवटची थप्पड मारली होती.

त्यांनी मला काठ्या-फेट्यांची डोली करून देवळात नेलं. गर्दी बाजूला सरली. पारावरून आबा उठले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, म्हादबाच्या रक्ताळलेल्या फेट्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी आजही सांगतो, आबांना त्या माणसांचा बेत ठाऊक नव्हता. त्यांनी नुसती शपथ घातली होती. पण शपथेच्या आडोशानं काय काय होतं, ते त्यांना तिथं पहिल्यांदा दिसलं.

धुरपाआजीनं कुणाला काही विचारलं नाही. गाभाऱ्यात गेली, मूठभर भंडारा घेऊन आली, माझ्या कपाळाला फासला आणि काखेतला नाडा सोडून टाकत म्हणाली, "ही माजी शेळी. मी देवाला सोडली."

"धुरपे," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही शेळी न्हाय."

"न्हाय?" आजी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. ती आबांच्या कमरेएवढी होती. "मग काय हाय, आबा? तुमीच सांगा. मानूस हाय का? म्हना मानूस. मग मानूस हिरीत कुनी टाकला ते बी हितंच इचारू. देवापुढं. एकेकाला भंडारा उचलाया लावून इचारू."

गर्दीत मागे काही माणसं हळूच सरकली.  सगळी जत्रा त्यांच्या तोंडाकडं बघत होती. माझ्या जिभेवर सगळं पत्रक तयार होतं. हीच वेळ होती. देवळाच्या पायरीवर मी होतो, समोर सगळी वस्ती होती, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जाब होता. मी तोंड उघडलं. समोर आबांचा तो पांढरा पडलेला, म्हातारा चेहरा. गाभाऱ्यातून समईचा उजेड. आणि माझ्या तोंडातून निघालं, "बॅंऽऽऽ."

पहिल्यांदा एक लहान मुलगी हसली. मग म्हादबा. मग सगळं देऊळ. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. वर्षभराचं कोंडलेलं हसू होतं ते. आबांच्या मिशा थरथरल्या. ते वाकले, आजीच्या मुठीत उरलेला भंडारा चिमटीनं घेतला, माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "शेळीच हाय. देवाची शेळी." आणि मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "माप कर, शेळे."

जत्रेला आलेल्या एका जीपमधून मला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. शालन सोबत होती. वाटेत ती हसायची आणि पुन्हा पुन्हा माझं कपाळ चाचपायची.

मी पोलिसांत तक्रार दिली. हे मुद्दाम लिहितो, कारण असे अनुभव वाचून काहींना वाटतं, देव भेटला की सगळं सोडून द्यायचं. का म्हणून सोडायचं? मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी असं मला वाटलं आणि ती झाली. म्हादबानं साक्ष दिली. हवालदारापुढं बोलायला शपथ आड येत नव्हती. हवालदारानं विचारलं, विहिरीतून कुणाला काढलं? तर सवयीनं हा म्हणाला, "शेळी, साहेब." हवालदार माझ्या प्लास्टरकडं बघून म्हणाला, "शेळीनं सही कशी केली रं?"

प्लास्टर घेऊन मी वस्तीवर आलो तेव्हा शपथ अजून तशीच होती. ती उतरवायची तर पुढच्या जत्रेत, देवापुढंच. पण मी आता देवाला सोडलेलं जनावर होतो. कुबडी टेकत मी दारोदार गेलो. ज्या दारात जाईन तिथं भाकरी, कालवण, कैरीची फोड. "खा, शेळे. घरी बी घिऊन जा, करडं उपाशी असतील." करडं म्हणजे तात्या आणि शालन. शालन टाकीवर गेली की बाया म्हणायच्या, देवाच्या शेळीचं पाणी आहे, भरू द्या. गिरणीवाला दळण घेऊन म्हणायचा, शेळीचा भरडा आहे. एक वस्तीची वस्ती वर्षभर हा खेळ खेळली, मोठी मोठी माणसं, गंभीर चेहऱ्यानं. आणि पुढल्या चैत्रात आबांनी स्वतः बेल-भंडारा देवापुढं खाली ठेवला, आणि पालखी आमच्या दारात थांबली. शालननं आरती ओवाळली. तिला परत नांदायला जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पुढं ती शिवणकाम शिकली. आज तिच्या हाताखाली वस्तीतल्या पोरी शिकतात.

मी अजून पत्रकं लिहितो. अजून जाब विचारतो. पण देवाला आता 'तू कुणाचा' असं विचारत नाही. त्या विहिरीत मी जेव्हा रिकामा झालो, तेव्हा तो आला. तो पंचांच्या हळदीतूनच आला, त्या शपथेतून एक फट ठेवून आला, आणि मला न्याय देण्याआधी त्यानं मला हसवलं. आधी मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं, कुणाच्या तरी दावणीला उभं राहणं. म्हणून ते मला कधी जमलं नाही. धुरपाआजीनं काखेतला नाडा सोडला तेव्हा मला ते कळलं. देवाच्या हवाली झालेल्या जिवाच्या गळ्यात दावं नसतं. त्याला कुणी बांधत नाही. ते कुणाच्याही दारात जाऊ शकतं, मारणाऱ्याच्यासुद्धा.

शपथ उतरली त्या दिवशी सगळी वस्ती मला नावानं हाक मारू लागली. मी धुरपाआजीकडं गेलो, पाया पडलो, म्हटलं, आता तरी माझ्याशी बोल. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिच्या बोटांना हळदीचा वास होता. दाराशी तिची पांढरी शेळी रवंथ करत बसली होती. आजीनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"काय बोलू, शेळे," ती मला म्हणाली. "वरीसभर तुज्याशीच तर बोलत व्हते."